‘ॲट’ कोणाचे? इंग्रजी पॅसिव्हच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्याला पॅसिव्ह व्हॉइस एका कृतीच्या रूपात भेटतो. कर्म उचलून पुढे आणायचे, कर्ता शेवटी न्यायचा, त्याच्याआधी ‘बाय’ लावायचे, क्रियापदाचे तिसरे रूप घ्यायचे, ‘बी’चे काळाप्रमाणे रूप जोडायचे, आणि सर्वनाम असेल तर ‘शी’चे ‘हर’ व ‘हिम’चे ‘ही’ करायचे. ‘शी रोट अ लेटर’चे ‘अ लेटर वॉज रिटन बाय हर’ झाले की गुण मिळतात. ही कृती चुकीची नाही. पण ती ज्या वाक्यांवर गिरवली जाते, त्यांत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काहीच आलेले नसते. ‘दे लाफ्ड ॲट हिम’ हे वाक्य समोर आले की विद्यार्थी अडतो. कोणी ‘ॲट’ गाळून ‘ही वॉज लाफ्ड बाय देम’ लिहितो, कोणी ‘ॲट’ आणि ‘हिम’ दोन्ही जोडीने पुढे आणतो. ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम’ हे बरोबर उत्तर दाखवले, तर दोन प्रिपोझिशने शेजारीशेजारी पाहून त्याला ती छपाईतली चूक वाटते. पुढील प्रकरणांचा विषय म्हणजे हे शेजारीशेजारी आलेले ‘ॲट’ आणि ‘बाय’. ही दोन प्रिपोझिशने दिसायला एका जातीची असली, तरी वाक्यात ती वेगवेगळ्या शब्दांशी बांधलेली आहेत. ‘बाय’ पुढच्या सर्वनामाचे आहे, ‘ॲट’ मागच्या क्रियापदाचे. हे ध्यानात आले की या भागातल्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो, आणि ते कशावरून म्हणायचे याचा उत्तम पुरावा सर्वनामांकडूनच मिळतो.

अडचण मराठी माणसालाच का जाणवते, याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. आपले शब्दयोगी अव्यय नामाला किंवा सर्वनामाला चिकटते आणि चिकटताना त्याचे सामान्यरूप करून टाकते. ‘तो’ अधिक ‘कडे’ म्हणजे ‘त्याच्याकडे’, ‘घर’ अधिक ‘मागे’ म्हणजे ‘घरामागे’. ‘कडे’ला सर्वनामापासून सोडवून क्रियापदाच्या पदरात टाकण्याची सोय मराठीत नाही. ‘त्याला हसले’ यातल्या ‘ला’चीही तीच गोष्ट. हे वाक्य कर्त्याचा उल्लेख न करता सांगायचे झाले, तर आपण ‘त्याला हसण्यात आले’ किंवा ‘त्याला हसले गेले’ म्हणतो. ‘तो हसला गेला’ असे कोणी म्हणत नाही. हसणारे वाक्यातून निघून गेले, तरी ‘त्याला’ जिथल्या तिथे, आपल्या प्रत्ययासकट राहते. हीच सवय घेऊन इंग्रजीकडे गेलेला माणूस ‘ॲट हिम’ला एकच शब्द मानतो. मग हे सर्वनाम हलवायचे, तर ‘ॲट’सकट हलवायचे, नाहीतर ‘ॲट’ टाकून द्यायचे, एवढे दोनच मार्ग त्याला दिसतात. इंग्रजीने धरलेला तिसरा मार्ग त्याच्या भाषेत नसल्यामुळे तो त्याला सुचत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोंधळ आहे. तो आपल्याच व्याकरणातल्या एका नावामुळे होतो. ‘मुलीने पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून मराठी व्याकरणात त्याला कर्मणी प्रयोग म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली, आणि प्रयोगांची चर्चा आपल्याकडे तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. शाळेत मात्र त्या चर्चेतून ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह आणि -ने म्हणजे बाय’ एवढेच समीकरण उरते. ते टिकत नाही. ‘मुलीने पत्र लिहिले’ या वाक्यात मुलगी मागे सरलेली नाही, तिला वगळताही येत नाही, आणि इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ ‘द गर्ल रोट द लेटर’ असाच होतो. सर्वनामे घेतली की फरक उघडा पडतो. ‘मी पत्र लिहिले’, ‘तू पत्र वाचलेस’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे गेले तरी ‘मी’ आणि ‘तू’ यांचे रूप तसेच राहते. इंग्रजी पॅसिव्हमध्ये ‘आय’ला ही मुभा नाही. ‘बाय’च्या पुढे यायचे असेल तर त्याला आपले कर्तेपणाचे रूप सोडावेच लागते. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळची मराठी रचना हवी असेल, तर ती ‘पत्र लिहिले गेले’ किंवा ‘पत्र लिहिण्यात आले’ ही आहे, आणि तिच्यातही आपण लिहिणाऱ्याचा उल्लेख बहुधा करत नाही.

सर्वनामांना इतके महत्त्व का द्यायचे, हे इथे सांगायला हवे. आजच्या इंग्रजीत नामाला कर्ता आणि कर्म अशी वेगळी रूपे उरलेली नाहीत. ‘द बॉय’ वाक्यात कुठेही ठेवा, तो ‘द बॉय’च राहतो. त्यामुळे ‘द बॉय वॉज लाफ्ड ॲट’ एवढ्यावरून त्या मुलाचे वाक्यातले स्थान काय ते दिसत नाही. कोणी म्हणेल की तो अजून ‘ॲट’चाच आहे, फक्त पुढे सरकला आहे. ‘आय’–‘मी’, ‘ही’–‘हिम’, ‘शी’–‘हर’, ‘वुई’–‘अस’, ‘दे’–‘देम’ आणि ‘हू’–‘हूम’ या थोड्याच जोड्यांमध्ये जुना भेद जिवंत आहे. त्या काय सांगतात ते पाहावे. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ हे इंग्रजी आहे, ‘हिम वॉज लाफ्ड ॲट’ हे नाही. ‘दे वेअर लुक्ड आफ्टर’ होते, ‘देम’ घालून ते होत नाही. सर्वनाम ‘ॲट’च्या ताब्यात राहिले असते, तर त्याने ‘हिम’ हेच रूप धरून ठेवले असते. ते पूर्णपणे कर्ता झाले आहे, आणि क्रियापदही त्याच्या वचनाप्रमाणे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ होते. म्हणजे ‘ॲट’ आता त्या सर्वनामाचे नाही. मागे राहिलेले ‘ॲट’ ज्याच्या आधाराने उभे आहे असा एकच शब्द उरतो, आणि तो म्हणजे ‘लाफ्ड’. उलट बाजूनेही हेच सिद्ध होते. ‘ही लुक्स आफ्टर हिमसेल्फ’ या वाक्यातले ‘हिमसेल्फ’ पुढे आणून पॅसिव्ह करता येत नाही, कारण ‘हिमसेल्फ’ला स्वतंत्रपणे कर्ता होता येत नाही. ‘ईच अदर’चेही तेच. हा प्रकार म्हणजे शब्दांची नुसती जागा बदलणे असते, तर या सर्वनामांना कोणी अडवले नसते.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, ‘मदत करणे’ या क्रियापदाबरोबर माणूस चतुर्थीसारख्या विभक्तीत येई आणि पॅसिव्हमध्येही तिथेच राही. ‘हिम वॅस येहोल्पेन’, म्हणजे शब्दशः ‘त्याला मदत केली गेली’. जर्मन आजही ‘ईम वुर्ड गेहोल्फन’ असेच म्हणते. मराठी माणसाला हे वाक्य ओळखीचे वाटेल, कारण त्यात ‘त्याला’ हे ‘त्याला’च राहते. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजत गेले आणि वाक्यातला शब्दक्रम पक्का होत गेला. क्रियापदाआधी जो येतो तो कर्ता, ही अपेक्षा बळावली. ‘आवडणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे काय झाले ते पाहिले की ही प्रक्रिया समजते. जुन्या इंग्रजीत ‘राजाला फळे आवडतात’ अशी, अगदी आपल्यासारखी रचना होती. पुढे राजाच कर्ता झाला आणि आजचे ‘द किंग लाइक्स’ आले. थोर डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी या बदलाची जी मीमांसा केली, तिचा मुद्दा असा की प्रत्यय नाहीसे झाल्यावर पहिल्या जागेवरचे नाम लोकांना कर्ताच वाटू लागले. ‘हिम वॉज हेल्प्ड’चे ‘ही वॉज हेल्प्ड’ झाले ते याच ओघात.

प्रिपोझिशन मागे ठेवणारा पॅसिव्ह याच काळानंतरचा आहे. त्याची उदाहरणे तेराव्या शतकापासून मिळू लागतात आणि पुढच्या दोन शतकांत वाढतात. क्रियापद आणि प्रिपोझिशन यांची जवळीक मात्र त्याहून जुनी आहे. जुन्या इंग्रजीत नामाच्या आधी येणारे प्रिपोझिशन, सर्वनाम आले की, पुष्कळदा त्या सर्वनामाच्या मागून येई आणि त्यामुळे क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसे. सर्वनामाची ही सैल गाठ लक्षात घेतली, तर पुढे ती सुटली याचे आश्चर्य वाटत नाही. शिवाय इंग्रजीपुढे दुसरी वाटही उरली नव्हती. जर्मनमध्ये कर्ता नसलेले ‘हसले गेले’ असे वाक्य करता येते, मराठीतही करता येते. इंग्रजीत ‘इट वॉज लाफ्ड ॲट हिम’ असे म्हणता येत नाही. कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही आणि ‘इट’ला तिथे नुसते नावापुरते बसवूनही भागत नाही. मग ‘ॲट’च्या हाताखालचे सर्वनामच तिथे बोलावले गेले. स्वीडिश, नॉर्वेजियन यांसारख्या भाषांमध्येही अशी रचना आहे, पण जगातल्या भाषांमध्ये ती विरळा आहे. तेव्हा मराठी विद्यार्थ्याला ती विचित्र वाटते यात त्याचा काही दोष नाही.

‘ॲट’ क्रियापदाचे झाले आहे याचे आणखी दोन पुरावे आजच्या भाषेत आहेत. पहिला ‘अन्’ या उपसर्गाचा. ‘अनहर्ड ऑफ’, ‘अनकॉल्ड फॉर’, ‘अनअकाउंटेड फॉर’ हे शब्द इंग्रजीत रोजच्या वापरातले आहेत. ‘अनहिअर’ असे क्रियापद नाही. उपसर्ग लागला आहे तो ‘हर्ड ऑफ’ या जोडीला, आणि ही जोडी पुढे एखाद्या विशेषणासारखी नामाच्या आधी येऊन बसू शकते. दुसरा पुरावा सर्वनामाच्या जागेचा आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. ‘लुक आफ्टर’ आणि ‘पुट ऑफ’ या दोन्ही जोड्या वरवर सारख्या दिसतात. सर्वनाम आले की त्या वेगळ्या होतात. ‘लुक आफ्टर इट’ म्हणावे लागते, पण ‘पुट ऑफ इट’ चालत नाही, तिथे ‘पुट इट ऑफ’च हवे. कारण पहिल्यातले ‘आफ्टर’ खरे प्रिपोझिशन आहे, तर दुसऱ्यातले ‘ऑफ’ क्रियापदाला जोडलेले क्रियाविशेषण. ॲक्टिव्ह वाक्यात सर्वनाम हा भेद इतक्या काटेकोरपणे पाळते. आता दोन्हींचा पॅसिव्ह करा: ‘इट वॉज लुक्ड आफ्टर’, ‘इट वॉज पुट ऑफ’. भेद नाहीसा झाला. सर्वनाम निघून गेल्याबरोबर ‘आफ्टर’ हे ‘ऑफ’च्या पंगतीला जाऊन बसले. ॲक्टिव्हमध्ये जे प्रिपोझिशन नामाकडे पाहत होते, ते पॅसिव्हमध्ये क्रियापदाचे अंग झाल्याचे याहून स्पष्ट चिन्ह मिळणे कठीण.

आता ‘बाय’कडे वळू. ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम’ यातून ‘बाय देम’ काढून टाका, वाक्य पूर्णच राहते. ‘ॲट’ काढा, वाक्य मोडते. ‘बाय’चे सर्वनाम नेहमी ‘देम’, ‘हर’, ‘मी’ असे कर्मरूपात येते, आणि प्रश्न करताना ‘बाय हूम’ असे दोघे मिळून वाक्याच्या आरंभी जाऊ शकतात. ‘ॲट’ त्यांच्यासोबत जात नाही. ‘बाय’ हेच काम पूर्वी इतर प्रिपोझिशनेही करत. जुन्या इंग्रजीत ‘फ्रॉम’ आणि ‘थ्रू’ यांची पूर्वरूपे होती, नंतर बराच काळ ‘ऑफ’ होते, आणि १६११च्या इंग्रजी बायबलात ते ठिकठिकाणी दिसते. म्हणजे कर्ता सांगणारे प्रिपोझिशन बदलत गेले तरी रचनेला धक्का लागला नाही. ‘ॲट’च्या जागी मात्र दुसरे घालून पाहा. ‘लाफ्ड विथ’ म्हटले की अर्थ पार बदलतो. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५च्या बृहद्‌व्याकरणात नोंद आहे की इंग्रजी पॅसिव्ह वाक्यांपैकी पाचांतल्या सुमारे चार वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. शाळेतल्या सरावात मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्याला ‘बाय’ची शेपटी असते. जे प्रिपोझिशन बहुतेक वेळा येतच नाही त्यावर सारा भर, आणि जे गाळता येत नाही त्याविषयी एक शब्दही नाही. ही उलटापालट मला गंभीर वाटते.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘लाफ ॲट’ हा जर एकच संयुक्त शब्द झाला असेल, तर त्याच्या आत काही शिरायला नको. ‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’ यात तर खुशाल शिरते, ‘टेक ग्रेट ॲडव्हान्टेज ऑफ’ म्हणता येते. शिवाय त्याचे पॅसिव्ह दोन होतात: ‘ॲडव्हान्टेज वॉज टेकन ऑफ हिम’ आणि ‘ही वॉज टेकन ॲडव्हान्टेज ऑफ’. पहिल्यात ‘ऑफ’ सर्वनामाचे आहे, म्हणून ‘हिम’; दुसऱ्यात ते सुटले, म्हणून ‘ही’. एकच शब्द असा दोन प्रकारे कसा फुटेल? हडलस्टन आणि पुलम यांनी २००२च्या केंब्रिज व्याकरणात या रचनेसाठी प्रिपोझिशनल पॅसिव्ह हे नाव वापरले, ते मागे उरलेला शब्द प्रिपोझिशनच आहे असे मानून. मला हा आक्षेप मान्य आहे. माझ्या म्हणण्याला मात्र त्यामुळे बाध येत नाही. ‘ॲट’ची जात बदलली असे माझे म्हणणे नाही, त्याचे नाते बदलले एवढेच आहे. आणि नात्यातला बदल इथेही दिसतो. ॲक्टिव्हमध्ये ‘शी स्पोक ॲंग्रिली टू हिम’ असे क्रियापद आणि ‘टू’ यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहज बसते. ‘ही वॉज स्पोकन ॲंग्रिली टू’ मात्र कानाला खटकते, तिथे ‘ॲंग्रिली स्पोकन टू’ असे ते बाहेर काढावे लागते. पॅसिव्हमध्ये ही दोघे एकमेकांपासून दूर राहायला नाखूश असतात. ‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’चे दोन पॅसिव्ह तर सर्वनामाच्या साक्षीला बळकटीच देतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी शिक्षकाचा. त्याचे म्हणणे असे की या साऱ्या ठरलेल्या जोड्या आहेत, यादी करून पाठ कराव्यात, तत्त्व कशाला हवे? यादी उपयोगी आहेच. पण रचना नुसत्या यादीतून चालत असती, तर नव्या क्रियापदांना ती मिळाली नसती. संगणक आल्यावर इंग्रजीत ‘द लिंक वॉज क्लिक्ड ऑन’, ‘द अकाउंट वॉज लॉग्ड इन्टू’ अशी वाक्ये आपोआप होऊ लागली. जुन्या कुठल्याही यादीत ही नव्हती. आणि उलट, यादीतली जोडी असूनही प्रत्येक वाक्याचा पॅसिव्ह होत नाही. ‘धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ हे चांगले इंग्रजी आहे, चादर विस्कटलेली दिसते आहे. एखाद्या शहराविषयी मात्र सहसा असे म्हणत नाहीत, कोणी एक रात्र झोपल्याने शहराचे काही बदलत नाही. ड्वाइट बोलिंजर यांनी १९७०च्या दशकात हे सूत्र मांडले की पुढे आलेल्या कर्त्यावर क्रियेचा काही परिणाम झालेला असावा लागतो. पलंगावर तो होतो, हसले गेलेल्या माणसावर होतो. कर्त्याच्या जागेवर कोणाला बसवायचे याचा हा निकष आहे आणि तो कोणत्याही यादीत मावत नाही.

तिसरा आक्षेप शैलीच्या बाजूने येतो: वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये. ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या वाक्यांत हा दोष काढला आणि पुढे शाळाशाळांतून तो नियम म्हणून शिकवला गेला. ‘द मॅन दे लाफ्ड ॲट’च्या जागी ‘द मॅन ॲट हूम दे लाफ्ड’ म्हणता येते, तिथे या नियमाला निदान पाळण्याजोगा पर्याय आहे. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’ यात ‘ॲट’ दुसरीकडे नेण्याची जागाच नाही. नेले तर वाक्य राहत नाही. जो नियम पाळायचा तर भाषाच सोडावी लागते, तो या रचनेला लागू करण्यात अर्थ नाही, आणि मराठी विद्यार्थ्याला आधीच चुकीचे वाटणारे हे वाक्य या नियमाच्या धाकाने आणखी संशयास्पद करू नये.

‘नोन टू’, ‘इंटरेस्टेड इन’, ‘सरप्राइज्ड ॲट’, ‘मॅरिड टू’ या जोड्यांचा इथे उल्लेख पुरे. त्यांतले तिसरे रूप बरेचसे विशेषण झाले आहे, म्हणून त्याआधी ‘व्हेरी इंटरेस्टेड’ असे ‘व्हेरी’ येऊ शकते. त्यांतले प्रिपोझिशन विशेषणाने निवडलेले असले तरी आपल्या सर्वनामासोबतच राहते: ‘ही इज नोन टू अस’. त्याला ‘बाय’ची बदली समजून ‘बाय’च्या यादीत घालण्याची पद्धत पडली आहे, ती सोडावी असे मला वाटते. ‘ही वॉज गिव्हन अ बुक’ आणि ‘अ बुक वॉज गिव्हन टू हिम’ या जोडीत ‘टू’ आले की ‘हिम’ आणि गेले की ‘ही’, एवढे पाहिले तरी आपला मुद्दा तिथेही लागू पडतो. ‘फॉर’च्या बाबतीत मात्र ही सममिती मोडते. ‘अ केक वॉज मेड फॉर हर’ निर्विवाद आहे, पण ‘शी वॉज मेड अ केक’ हे अनेक इंग्रजी भाषकांच्या कानाला बरे वाटत नाही, तर काहींना चालते. म्हणून पुढची प्रकरणे ‘टू’, ‘ॲट’, ‘आफ्टर’ आणि ‘ऑफ’ यांच्यापासून सुरू केली आहेत, जिथे सर्वनामाचा निवाडा स्वच्छ आहे, आणि ‘फॉर’चे प्रकरण शेवटी ठेवले आहे. सरावाच्या वाक्यांतही आधी सर्वनामे घेतली आहेत आणि नामे नंतर, तर ‘बाय’ फक्त तिथेच येऊ दिले आहे जिथे कर्ता सांगितल्यावाचून वाक्याचा अर्थ अपुरा राहतो.